एक खिळा

फॉर्मवर दोनच चौकोन होते:
स्वतः राहण्यासाठी. भाड्याने देण्यासाठी.
मी विचारलं, आधी हे आणि मग ते असेल तर?
मॅनेजरनी चष्मा पुसला.
म्हणाले, आज जे खरं त्यावर टिक मार,
उद्याचं व्याज उद्या.

वीस टक्के माझे हवे होते.
पाच वर्षांचा वेर्ण्याचा ओव्हरटाईम,
ज्योत्स्नाने सोडलेला तिचा भिशीचा नंबर,
आणि आईच्या पाटल्या
(मोडल्या नाहीत हं, ती सगळ्यांना सांगते, ठेवल्यात).
वीस टक्के माझे, वीस वर्षं बँकेची.

फोंड्याला, कुर्टीत, तिसरा मजला, एक बेडरूम.
चौदा महिने राहिले तिथे
आणि भिंतीला हात लावला नाही.
कॅलेंडरसुद्धा फ्रिजवर आडवं ठेवलं.
रंग नवा होता. हप्ता नवा होता.

मग वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
हप्ता एकोणीस हजार दोनशे,
भाडं येईल चौदा,
कंपनीजवळ नुवेला पिएदादबायची खोली चारात.
म्हणजे महिन्याला नऊ हजार दोनशे भरून
मी माझ्या घरात राहत नाही.
दोनदा तपासलं. बरोबर होतं.

निपाणीचे मगदूम आले, श्रीशैल आणि सुनंदा.
तो बेतोड्याला बाटल्यांच्या कारखान्यात.
ऑगस्टात त्याचा पगार थकला,
त्याने मला थकवलं,
मी पिएदादबायला.
ती म्हणाली, जातलें गो बाये,
पूण म्हजें प्रेशराचें वखद?
बँक तेवढी कुणासाठी थांबली नाही.
पाच तारखेला पहाटे फोन एकदा थरथरला,
शिस्तीत.

गीझरची कॉईल वहीत नव्हती.
ती बदलून घ्यायला गेले एका रविवारी,
किल्ली पर्समध्ये असून बेल वाजवली,
चपला बाहेर काढल्या.
ओट्यावर, मी जिथे काहीच ठेवत नसे,
शेंगाचटणीची बरणी, लिंबं, कुणाचं तरी औषध.
चहा घेताना कप कुठे ठेवायचा ते मला कळेना.

ताई, एक विचारू, सुनंदा म्हणाली.
एक खिळा मारू का?
लग्नाचा फोटो आहे,
वर्षभर ट्रंकेत पालथा पडलाय.

मारा की, म्हटलं.
कुठे ते दाखवायला उठले
आणि परत बसले.

रात्री नुवेला युनिफॉर्म अडकवताना पाहिलं:
तीन खिळे. एक गंजका, एक वाकडा,
एकावरून कुणी चुना फिरवलेला.
दोनशे बावीस हप्ते राहिलेत माझे.
सकाळी पिएदादबायला विचारलं,
हे कुणी मारले, तुला विचारून का?

कपडे वाळत घालत होती.
चिमटा दातांत धरूनच तिने खांदे उडवले.