केकवरचा थ

गाडगे महाराज पुलाखाली माझी चहाची टपरी.
एकनाथ तिथे आला तेव्हा बारा-तेराचा,
सुरगाण्याकडचा, बोलण्यात अजून डोंगर.
दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडायचा,
लोकांच्या नवसाची नाणी वर ओढायचा.
आम्ही त्याला चुंबक्या म्हणायचो.
खरं नाव विचारायला मला दोन वर्षं लागली.

रात्री फ्लेक्सवर झोपायचा,
कुणा भावी नगरसेवकाच्या हनुवटीवर डोकं ठेवून.
थंडी वाढली की तोच फ्लेक्स अंगावर,
मग साहेबांचं हसू आभाळाकडे.

पोलीस विचारायचे, राहतो कुठं?
रेशनवाला विचारायचा, पत्ता?
शाळेतल्या बाई चांगल्या होत्या,
त्यांनी फक्त जन्मतारीख विचारली.
मी विचारायचे, सुट्टे आहेत का?

बाळाभाऊने विचारलं, जेवलास का?

एवढंच. मी तिथेच गाळणं झटकत होते.
पहिला आठवडा त्याने काहीच मागितलं नाही.
दुसऱ्या आठवड्यात बूट आणले.
तिसऱ्यात जन्मतारीख:
"आजपासून तुझा वाढदिवस सतरा डिसेंबर."
रात्री बाराला पुलावर केक कापला, कोयत्याने.
ज्याला हाक मारायला कुणी नव्हतं
त्याच्या नावाने वीस गळे एकदम.

सकाळी कागदात तुकडा घेऊन आला.
"मावशी, यात माझं नाव आहे."
लाल क्रीमचा नुसता थ होता,
बाकीची अक्षरं पोरांनी आधीच खाल्लेली.
छान आहे म्हटलं, अन् तो थ मी खाल्ला.
गोड होता. खोटं कशाला बोलू.

पुढच्या महिन्यात तो स्वतःच फ्लेक्सवर चढला,
खालच्या रांगेत अकरावा,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.
येता-जाता मान वर करून बघायचा,
आहे का अजून.

मग द्वारकेजवळचं ते प्रकरण.
माणूस कोण, भांडण कुणाचं,
त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही.
बाळाभाऊ त्या दिवशी शिर्डीला होता.

उंटवाडीच्या निरीक्षणगृहात गेले भेटायला.
रजिस्टरवाल्याने विचारलं, नातं काय?
खूप वेळ सुचेना.
उधारी, म्हटलं.
कुणाची कुणाकडे, ते त्याने विचारलं नाही.

एकनाथने घरचं, केसचं काही काढलं नाही.
म्हणाला, "मावशी, फोटो आहे का अजून वर?"
फ्लेक्स केव्हाच उतरला होता.
माझ्याच टपरीच्या छपरावर आहे,
गळतं म्हणून टाकलेला, उलटा.

आहे, म्हटलं.