वारस नोंद

कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल,
वर छत्री, एका काडीनं लंगडी.
सव्वीस वर्षं अर्ज लिहितोय:
बांधाचे, भावकीचे, बोअरिंगचे,
मेलेल्या माणसाचं नाव कमी करण्याचे.

ती आली तेव्हा अंगाला दुधाचा वास होता.
गंगावेशीच्या कट्ट्यावर धारा काढते म्हणाली.
डाव्या कानाची पाळी तुटलेली,
लहानपणी म्हशीचं शिंग लागून.
"वारस नोंद करायचीय. गादीची."

"कापसाची?"
"रंकाळ्याखालची."

मी पेन खाली ठेवलं नाही.
समोरचं माणूस खुळं आहे की थोर,
हे आमच्या गावात पहिल्या चहाआधी ठरवत नाहीत.

नाव शेवंता. सात पिढ्यांमागं
खाणीला पाझर फुटला, एका रात्रीत तळं झालं.
बुडता बुडता राणीनं तान्हं पोर वर दिलं
गवळ्याच्या चरवीत.
"तिथनं आम्ही," म्हणाली.

मी म्हणालो, हे बघ बाई,
राज्य मागायला तलवार चालत नाही, वंशावळ लागते.
अंगठी असली तरी सोनार साक्षीला येत नाही.
जन्मखूण पदराखाली असेल
तर तहसीलदार बघणार नाही, बघूही नये.
आणि जिला सगळं ठाऊक असतं ती म्हातारी दाई
नेमकी सुनावणीच्या आदल्या रात्री जाते.
पुरावा काय?

"चंद्री."
म्हैस. रोज दुपारी तळ्यात बुडी मारते,
तासानं वर येते ती कोरड्या पाठीनं,
शिंगांना ताजं कुंकू.
"मी लावत न्हाई," शेवंता म्हणाली.

साक्षीदाराच्या रकान्यात मी म्हैस लिहिली.
पुढचा रकाना: सध्याचा कब्जेदार.
"कुणीच न्हाई. गादी मोकळी हाय.
माणसं तिच्यापुढं उभी हायती अजून,
बसा म्हणणारं कुणी न्हाई म्हणून."

सात पिढ्या?
"सात पिढ्या. पाय दुखत असतील हो."

मग राज्य कशाला हवंय तुला?
ती नखातला शेणाचा कण काढत राहिली.
"एकदा बसा म्हणायला."

मी तिकीट चिकटवलं. जीभ कडू झाली.
तिनं सही केली, अंगठा नाही.
फी म्हणून एक ओलं नाणं ठेवलं:
मागं मासा, पुढं नुसती गुळगुळीत चकती,
तोंड अजून उमटायचं होतं.

हरकतीला पंधरा दिवस.
नोटीस मीच लावली, घाटाच्या खालच्या पायरीला,
पाणी शिवेल न शिवेल अशी.
हरकत एकच आली, एका बगळ्याची.
अधिकार नसताना मी ती फेटाळली.

सोळाव्या संध्याकाळी चंद्री एकटीच
गंगावेशीकडं परत निघालेली दिसली,
रिक्षांना वाट न देता.
मी चौपाटीच्या कठड्यावर टेकलो होतो, हातात भेळ.
कुणाला काही ऐकू आलं नाही.
फक्त पायांखालची जमीन जरा दबली,
लग्नाच्या मांडवात
खूप माणसं एकदम खाली बसावीत तशी.
आणि पाण्यावर एक सुस्कारा, रुंद,
पलीकडच्या काठापर्यंत गेलेला.

आज ते नाणं चहावाल्याला देऊन बघितलं.
त्यानं उलटंपालटं केलं, परत दिलं.
"ही बाई कोण, काका?
कान तुटका काढलाय बघा हिचा."