कोरी कड

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, चनबसूच्या दुकानात
गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक काढलेली,
साडेतीनशे किलोंचं जनावर, पाठ उघडी टाकून उभं.

"हे बघा मेस्त्री," तो अंगठा फिरवतो,
"मधी सपाट, पाटावानी. कडा कोऱ्या करकरीत.
सरळच चालवत आल्यासा की हो जन्मभर."

जन्मभर नाही. अकरा हजार किलोमीटर.
उद्यमबाग ते शिरोली, शिरोली ते उद्यमबाग,
बाजूच्या पेट्यांत सागवानी पॅटर्न, जुन्या रजईत गुंडाळलेले:
पंपाची केसिंगं, व्हॉल्व्हची पोटं.
तवंदी घाटात काय ते वळण, तेही चौपदरी,
अंग कलवायची गरज नसलेलं.

कडेला रबराचे केस अजून तसेच उभे.
मला ठाऊक आहेत ते केस.
साचा भरताना हवेला वाट ठेवावी लागते,
नाही तर माल पोकळ निघतो.
आम्ही वाळूत सळई खुपसतो,
त्यांनी पोलादात सुईएवढी भोकं पाडली.
न पाहिलेल्या कुणा साचेवाल्याशी
तेवढीच माझी ओळख.

चनबसू आकडे वाचतो. बत्तीस, एकोणीस.
"एकोणीस साल, बत्तिसावा आठवडा. म्हातारा झालाय."
म्हणजे ऑगस्ट.
यमगर्णीला वेदगंगा हायवेवर आली होती
आणि मी संकेश्वरला चार रात्री
हुबळीच्या एका ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये,
त्याची ज्वारीची कडक रोट्टी, माझं तीळकूट.
त्याला मराठी नाही, मला कन्नड निम्मं,
पावसाला शिव्या मात्र सारख्याच.
त्याच आठवड्यात कुठंतरी साचा उघडून
कुणी हा टायर गरम गरम बाहेर काढला.

आता नवा कुठला?
एक कडक. वीस हजार जाईल, ओल्यात दगा देईल.
एक मऊ. घोरपडीसारखा रस्ता धरेल, सहा हजारांत संपेल.
चनबसू किंमत कन्नडात मोजतो, मराठीत कमी करतो,
शपथ यल्लम्माची घेतो, ती दोन्हीकडं चालते.

"मागं कोण बसतंय?"
हवा किती भरायची म्हणून विचारतो तो, दुसरं काही नाही.
मागं कुणी नाही.
पॅटर्न असायचे. आता तेही नाहीत,
कारखान्यात पोरं पडद्यावर आकार काढतात,
मशीन रात्रभर एकटंच कापत बसतं.

"मग एवढा महाग कशाला?"
चोर्ल्याला जायचंय, मी म्हणालो.
म्हणेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.
अडतीस वर्षं बेळगावात, आणि तो घाट
मी बसच्या खिडकीतनंच बघितलेला, डोळे मिटून.

चनबसूनं वरच्या हुकाचा एक खाली काढला.
"मधी कडक, कडंला मऊ, असा एक येतोय.
पण कडा वापरणाऱ्यालाच परवडतोय बघा."

पैसे मोजून दिले. त्यानं बजावलं,
दीडशे किलोमीटर वाकायचं नाही, नवा टायर निसरडा असतो.
असणारच. साच्यातनं सुटायला काहीतरी फासावंच लागतं,
आम्ही ग्राफाइट फासतो.
ते दीडशे मी शिरोलीच्या रस्त्यावरच काढले,
रिकाम्या पेट्या घेऊन, मुकाट.

मग जांबोटी. कणकुंबी. मग रस्ता एकदम खाली.
पहिल्या वळणाला गाडी ओढत नेली,
पाचव्याला तिनं मला नेलं.

चोर्ल्यात टपरीवर चहा सांगितला
आणि उकिडवा बसून बोटानं टायर चाचपला.
केस गेलेत बरेचसे.
डावीकडं कोरी कड एक बोट, उजवीकडं तीन.
उजवीकडं झुकायला मी भितो,
हे टायरला माझ्याआधी कळलं.

चहा गोड होता, पुन्हा एक मागितला.
येताना जी जी डावी वळणं होती,
जाताना ती सगळी उजवी.