आवाज आणि कंपन

होटगी रोडच्या पत्र्याच्या शेडखाली
एप्रिलच्या दुपारी अकरा गाड्या उभ्या होत्या,
प्रत्येकीच्या काचेवर खडूने लिहिलेलं वय.
आमची पांढरी. दोन हजार सोळा. एकाहत्तर हजार किलोमीटर.
"डॉक्टरांची गाडी, मॅडम," बसवराज म्हेत्रे म्हणाला,
"फक्त दवाखाना ते घर."
मी सिव्हिलच्या लॅबमध्ये अठरा वर्षं आहे.
दवाखाना ते घर एवढंच चालणाऱ्यांचीही
रक्तं मी बघितलीत.

गाडीचे दोन लाख ऐंशी ठरलेच होते.
अडलं ते पुढच्या कागदावर:
वाढीव वॉरंटी, दोन वर्षं, सतरा हजार नऊशे.
"झोप शांत लागते बघा," म्हणत
त्याने ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

चार पानं. पहिल्यावर काय काय मिळेल ते
मोठ्या अक्षरात, हसऱ्या कुटुंबाच्या फोटोसकट.
उरलेली तीन मी चष्मा पुसून वाचली.
क्लचप्लेट नाही. बॅटरी नाही. रबराचं काहीच नाही.
उंदरांनी वायर कुरतडली तर नाही.
दोष आधीचा असेल तर नाही,
आणि तो आधीचा की नंतरचा, हे कंपनी ठरवणार.
कलम पंधरा: आवाज व कंपन यांविषयीच्या तक्रारी
ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.

तिथे माझं बोट थांबलं.

नायना बाहेर उभे होते, डोक्यावर ओला पंचा.
एकोणचाळीस वर्षं यंत्रमागावर, एका वेळी चार माग.
कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही,
आईला कळलं, जेव्हा त्यांनी
कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडलं.
चादरीच्या चिठ्ठीवर छापलेलं असायचं, रंग पक्का.
विणणाऱ्याबद्दल काही छापलेलं नसायचं.

"चालू कर गं भाग्या."
मी चावी फिरवली.
त्यांनी तापलेल्या बॉनेटवर पंचा टाकला,
पंच्यावर तळहात, आणि डोळे मिटले.
धोटा अडखळायच्या आधी
मागाच्या लाकडाला कळतं म्हणतात,
आणि लाकडाकडून हाताला.
"चारातला एक मार चुकतोय," ते म्हणाले,
स्वतःला ऐकू येत नसल्याने जरा मोठ्यांदा.
शेडमधली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

बसवराज हसला. मग खाजाभाईंनी मशीन लावलं:
तिसऱ्या सिलिंडरची कॉइल.
मग तो हसला नाही.
सहा हजार कमी केले, आणि ताक पुन्हा भरलं.

पण कॉइल म्हणजे आजचं दुखणं.
वॉरंटीचा कागद पुढच्या वर्षाबद्दल बोलतो,
आणि पुढच्या वर्षावर हात ठेवायला बॉनेट नाही.
गिअरबॉक्स गेला तर पंचेचाळीस हजार.
नाही गेला तर सतरा हजार नऊशे
हसऱ्या कुटुंबाला.
लॅबच्या चिठ्ठीमागे मी हिशेब मांडला, खोडला,
रात्रपाळीत परत मांडला.
कविता सिस्टर म्हणाल्या, घे.
त्यांचे मिस्टर म्हणाले, वेडी आहेस का.

ऑफर सात दिवसांची. आज सातवा.
गल्लीत चौथ्या दिवसाचं पाणी आलंय,
घरोघरी मोटारी लागल्यात, भिंती गुणगुणतायत,
घागरी भरायच्या सोडून मी फोन धरून उभी.
"काय ठरलं मॅडम?"

नायना सकाळपासून गाडीत बसलेत,
इंजिन चालू, पेट्रोल जळतंय, सांगून ऐकत नाहीत.
डॅशबोर्डवर उजवा हात. अंगठ्याला ती जुनी चीर,
तुटलेला धागा सांधून सांधून पडलेली.
"थांबा जरा," मी फोनमध्ये म्हणते,
आणि काचेतून बघत राहते.

आत्ता तो अंगठा किंचित हलला.
गाडीमुळे, की शेजाऱ्यांच्या मोटारीमुळे,
मला सांगता येत नाही.