मागचे दोन

बदलायचे होते चार टायर, पैसे होते दोनचे.
नेरूळच्या दुकानातला पोरगा म्हणाला, पुढे घाला मॅडम,
गाडी ओढतात ती पुढचीच चाकं.
पटलं. घातले.

सोमवारपासून कुंदाताई वेंगुर्लेकर ब्रेकला घाबरायला लागल्या.
वय चोपन्न, शिकाऊ लायसन, पायात कापडी बूट,
सकाळी सहाची बॅच, सीवूड्सचा सिग्नल.
लाल झाला की पाय दाबायच्या आणि किंचाळायच्या,
"मॅडम, मागून कुणीतरी हलवतंय!"
मागे कुणी नाही, मी म्हणायची, आरशात बघा.
हात घट्ट धरा. स्टिअरिंग म्हणजे जातं नव्हे.
अठरा वर्षं शिकवतेय,
कुणाची गाडी हलते आणि कुणाचं मन, मला कळतं.

गुरुवारी त्या आल्या नाहीत.
शुक्रवारीही.

शनिवारी मी एकटीच होते पाम बीचवर.
दुभाजकातल्या झाडांना टँकरने पाणी घालून झालेलं,
अर्धा रस्ता ओला.
पुढचा टेम्पो थबकला, मी ब्रेक मारला
आणि गाडीचा मागचा भाग माझा हात सोडून
बाजारातल्या पोरासारखा उजवीकडे निघाला.
सावरली.
नंतर बराच वेळ काच खाली करून नुसती बसले.

वाशीत अलाइनमेंट. पडद्यावर सगळ्या रेघा हिरव्या.
सानपाड्यात म्हणाले, स्टिअरिंगचा रॅक गेलाय, बावीस हजार.
करावे गावात हसुराम तांडेल काहीच म्हणाला नाही.
मासळी सुकवायच्या ओट्याशेजारी त्याचं दुकान,
एक कॉम्प्रेसर, एक स्टूल, स्टुलावर मांजर.
हवा मोजली. गाडी फिरवून आणली.
चारही रिमांजवळ तळहात नेला,
ताप बघावा तसा.
"चारी सारकीच गरम. ब्रेक चिकटला नाय."
मग मागच्या चाकाशी उकिडवा बसला,
अंगठ्याने चिखल पुसून चार आकडे वाचले.
चोविसावा आठवडा, नऊ वर्षांमागचा.
नख रुतवून बघितलं, रुतेना.
"रबर नाय ऱ्हायला हा. लाकूर झाला."

ब्रेक मारला की वजन पुढे धावतं,
मागचं हलकं होतं,
आणि हलक्या झालेल्याला धरायला
मागे होते हे दोघे, लाकडाचे.
एवढंच.

मग माझ्याशेजारी बसून म्हणाला, "आता तुमी चालवा.
ब्रेक मारा. आन हात सोरा."
सोडवेनात.
"बगा. गारी हलायच्या आदीच तुमी वलवताव.
तुमाला ठावंच नाय."
मग हसून, मांजराकडे बघत असल्यासारखं,
"नव्या मानसाला आदी कलतं.
त्याचे हातांना अजून लबारी येत नाय."

पुढचे मागे, मागचे पुढे. तीनशे रुपये.
जुने दोन महिन्याभरात काढायचे, तेही त्याने बजावलं.

माझ्या बाजूला ब्रेक आहे, क्लच आहे,
चाक नाही.
अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या हातांकडे बघून
त्यांच्या हातांना काय कळतंय ते सांगत आलेय.

रात्री फोन केला. कुंदाताई आधीच म्हणाल्या,
"फी परत नको हो मला."
मी टायरचं सांगितलं. दोनदा सांगितलं,
कारण पहिल्यांदा फक्त टायरचंच सांगितलं होतं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"म्हणजे हलत होती?"
हो.
"हलत होती ना?"
हो, कुंदाताई.

रविवारी सहा वाजता, तोच सिग्नल, तेच कापडी बूट.
लाल झाला. त्यांनी दाबला.
गाडी उभी राहिली, नाक समोर, शेपूट मागे.
त्यांनी आरशात बघितलं, तरी वळूनही बघितलं.
मग हलक्या आवाजात,
"थोडी डावीकडे जातेय अजून."

मला तरी काही जाणवलं नव्हतं.
करावेकडे घ्या, म्हटलं.