टपातलं पाणी

फुलवंती जांबेकर दोन चाकं खांद्याला अडकवून आली,
घटांगच्या वळणावर, आमच्या दुकानात.
जंगलखात्याची नोकरी, गस्तीला डोंगरी सायकल
आणि आठवड्याला चार पंक्चर:
बाभूळ, हिवर, सराटा, पुन्हा बाभूळ.

"काका, आता ट्यूबच नको."
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मंग हवा कायच्यात राह्यीन?"
"टायरातच."
बाबा हसले,
उधारीवर हवा मागणाऱ्या पोरांना हसतात तसे.

स्पिरिटच्या फडक्यानं रिम पुसली.
मग तिनं आणलेली पिवळी पट्टी
ताणून, ताणून, स्पोकच्या भोकांवरून.
मागून बाबांचा अंगठा चालत गेला,
जिथं फुगवटा राहिला तिथं परत फिरला.
व्हॉल्वपुरतं भोक तापल्या दाभणानं.
टायरच्या काठाला रिठ्याचा फेस.

हातपंपानं काही होईना.
मारावी तेवढी हवा काठाखालून निसटे.
मी घामाघूम, आणि टायर
रुसल्या जावयासारखं, काही केल्या बसेना.
कॉम्प्रेसर होता, लाइन नव्हती.
साडेतीनला येते म्हणतात, पाचला आली.
तोवर चहा,
आणि तिनं पाहिलेल्या अस्वलाची गोष्ट, दोनदा.

बाबांनी व्हॉल्वची घुंडी काढली,
नळी लावली, डोळे मिटले.

ठाक्!

बकरी दावं तोडून पळाली.
ठाक्! दुसरा काठ.
शेजारचा भजेवाला झारा घेऊनच धावत आला.
"बसलं," फुलवंती म्हणाली.

नळी काढली, हवा गेली, टायर बसून राहिलं.
मग चीक:
रुईचं पान तुटल्यावर येतो तसा पांढरा,
वास मात्र नाकात चढणारा.
खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून
दहा झाकणं आत.
घुंडी, हवा,
आणि चाक आडवं धरून
सुपात तीळ पाखडावे तसं
या कुशीवर, त्या कुशीवर.

तीस वर्षांची सवय.
बाबांनी चाक टपाशी नेलं.
मावेना. तरी थोडं थोडं बुडवत फिरवलं.
एका जागी बुडबुड्यांची माळ निघाली,
बारीक झाली,
थांबली.
पाण्यात दुधाचा एक धागा.
कोणी हात लावला नव्हता.
बाबा बराच वेळ तिथंच पाहत राहिले.

दोनशे सांगावे की तीनशे, त्यांना सुचेना.
"पुढच्या आठवड्यात येजो."
"काहून? पंक्चर तर होनारच नाही."
"तशीच ये. चहाले."

जुन्या ट्यूबा ती ठेवून गेली.
एकीच्या मी पट्ट्या कापल्या,
फवारणीचा पंप बांधायला.
दुसरी, सतरा ठिगळांची, सगळी त्यांच्याच हातची,
रात्री बाबांनी फुगवली,
गालाजवळ धरून फिरवली,
मग टपात दाबली.

एक बुडबुडा आला.
ट्यूब पुसून
त्यांनी पेन्सिलनं गोल केला.