माया

दोन पोरं, दोन म्हातारी, आम्ही दोघं : सहा.
गडहिंग्लजची आत्या आली की सात.
स्कूटरवर साडेतीन मावतात, तेही
तिसऱ्या रेल्वे गेटला पोलीस नसेल तर.

म्हणून रविवारी सगळेच उद्यमबागेतल्या शोरूममध्ये.
इरण्णा नावाचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र,
"बर्री अज्जा, कूडरी," म्हणत दार धरून उभा.
आम्हाला मराठीत मायलेज सांगितलं,
मग फोनवर साहेबांना कन्नडमध्ये आमची ऐपत.
दोन्ही आम्हाला समजलं.

बाबांनी रंग पाहिला नाही. खिशातून टेप काढला.
चाळीस वर्षं शहापुरात शाळांचे गणवेश शिवलेला माणूस;
टेपचे पहिले तीन इंच बोटांनी पुसून गेलेत,
ते तीनपासून धरतात आणि शेवटी तीन वजा करतात.
जमीन ते पायरी, साडेसतरा.
"हिचा गुडघा नवाच्या वर जात नाही,"
इरण्णाला म्हणाले,
जणू ही गाडी त्यानंच बेतली होती.

"मी मागं बसतो की," आई म्हणाली.
(आमच्याकडे बायका असंच म्हणतात, बसतो, येतो.
पुण्याची मेव्हणी दरवेळी हसते.)
आणि पदर खोचून शिरलीसुद्धा तिसऱ्या रांगेत,
आणि अडकली.
इरण्णा एका बाजूनं, मी दुसऱ्या.
"लगेच काढू नका गा, हितनं काय दिसतंय बघू दे."
दिसत होतं ते पुढच्या सीटचं न फाडलेलं प्लास्टिक
आणि माझं टक्कल.

थोरली विचारत होती उलटीची पिशवी कुठं ठेवायची,
चोर्ल्याच्या घाटात तिचं वळण ठरलेलं आहे.
मेघना माहितीपत्रकाच्या पाठीवर
हप्ता, फी, आईच्या गोळ्या मांडत होती.
मान वर न करता तिनं विचारलं,
"सातजण बसल्यावर बॅगा कुठं?"
इरण्णा दोन्ही भाषांत गप्प.

बाबा टेप गुंडाळत म्हणाले,
"पोरांचं शिवताना आत माया सोडायची असते.
बेतात शिवलेलं दिवाळी बघत नाही.
ह्याला माया कुठं हाय?"
इरण्णाला कळेना. बाबांनी कन्नड शब्द शोधला,
सापडला नाही. मग ते खाली वाकले आणि
त्याच्याच नव्या कोऱ्या पँटची शिवण उलटी करून दाखवली,
आत दुमडलेलं दोन बोटं कापड.
"ही. ही बघ.
तुझ्या आईनं सांगितलं असणार शिंप्याला."
तो स्वतःच्या पायाकडे
पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहिला.

मग साहेबांचं केबिन चुकवून
त्यानं आम्हाला मागच्या आवारात नेलं.
पत्र्याखाली एक जुनी, खोक्यासारखी,
सरकत्या दाराची. रंग उकडलेल्या शेंगांचा.
पाटी एमएच शून्य नऊ.
"तिकडची आहे, अज्जा. इकडं टॅक्स परत भरावा लागतो."
"असू दे," बाबा म्हणाले, "आत्या पण तिकडचीच."

पायरी, साडेबारा. खाली फळी ठेवता येईल,
वखारीतल्या अस्लमकडे सागाचा तुकडा आहे.
आई या वेळी कुणाचा हात न धरता चढली
आणि शेजारच्या जागेवरची धूळ झटकून
त्या रिकाम्या जागेला म्हणाली, "ये की."
मेघनानं मागं तीन बॅगा बसवून पाहिल्या, हवेतल्याच.
किंमत अजून विचारली नव्हती कुणी.
इंजिनाचा आवाज पीठगिरणीसारखा,
एसी नाही, एक काच अर्ध्यावर अडते.

धाकटा तेवढ्यात मधल्या सीटवर झोपून गेला होता,
पाय सरळ, एक चप्पल निघालेली.
बाबांनी टेप पुन्हा सोडला, त्याला जाग येऊ न देता,
त्याच्या टाचेपासून पुढच्या सीटपर्यंत.
चौदा.
थोडं थांबले. तीन वजा केले.
"अकरा," म्हणाले,
"सातवीपर्यंत चालंल."